नेते उदंड, गावात माणूस नाही : स्वतंत्र पक्षाची पंधरा वर्षं



१९६७ सालची लोकसभा डोळ्यांपुढे आणा. काँग्रेसचे २८३ खासदार निवडून आलेत, म्हणजे बहुमत आहे पण पहिल्यासारखा थाट नाही. समोरच्या बाकांवर सगळ्यात मोठा गट कोणाचा? हा प्रश्न मी अनेकदा विचारतो. बरेच जण जनसंघ म्हणतात, काही कम्युनिस्ट म्हणतात. तो गट होता स्वतंत्र पक्षाचा. ४४ खासदार. संसदेच्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे द्यायची प्रथा त्याच वर्षी पडली, आणि असे पहिले अध्यक्ष झाले स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी. पक्षाचं वय तेव्हा अवघं आठ वर्षांचं.

१९७१ मध्ये या ४४ चे ८ झाले. १९७४ मध्ये पक्षाने स्वतःची पाटी उतरवली आणि दुसऱ्या पक्षात तो विलीन झाला.

इतक्या वेगाने वर चढलेला आणि इतक्या वेगाने पुसला गेलेला दुसरा राष्ट्रीय पक्ष आपल्याकडे शोधावा लागेल. याचं नेहमीचं उत्तर असं की तो राजेरजवाड्यांचा आणि शेटजींचा पक्ष होता, इंदिरा गांधींनी 'गरिबी हटाओ' म्हटलं आणि तो वाहून गेला. हे उत्तर मला अपुरं वाटतं. वाहून जायला तेवढा पूर जनसंघापुढेही आला होता. तो ३५ वरून २२ वर आला, पण उभा राहिला. तेव्हा आज मला जरा वेगळ्या बाजूने बघायचं आहे. पक्षाचे नेते कोण होते हे तर बघूच, पण पक्ष बांधणारी माणसं कोण होती, आणि ती होती का, हे बघू.

सुरुवात नागपूरपासून करावी लागते. जानेवारी १९५९. काँग्रेसचं अधिवेशन नागपूरला भरलं आणि तिथे शेतीविषयक ठराव झाला. ठरावाचा गाभा असा की पुढे देशातली शेती सामुदायिक सहकारी पद्धतीची व्हावी. जमिनी एकत्र करायच्या, मालकी हक्क कागदावर राहील, जमिनीच्या प्रमाणात उत्पन्नाचा वाटा मिळेल, आणि राबणाऱ्याला कामाचा वाटा मिळेल. जमिनीवर कमाल मर्यादा येईल, वरची जमीन पंचायतीकडे जाईल. आज वाचताना हा ठराव तितकासा भयंकर वाटत नाही. पण त्याच सुमारास चीनमध्ये कम्यून उभे राहत होते, आणि बांध एकदा मोडला की सातबारा नावाला उरतो हे शेतकऱ्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. खुद्द काँग्रेसच्या मांडवात या ठरावाला विरोध करणारं एक नाव होतं, चौधरी चरणसिंग. हे नाव लक्षात ठेवा, ते शेवटी परत येणार आहे.

आचार्य एन. जी. रंगा या मुद्द्यावर काँग्रेसमधून बाहेर पडले. रंगा म्हणजे आंध्रचे शेतकरी नेते, ऑक्सफर्डला शिकलेले. १९३६ मध्ये किसान सभा स्थापन करणाऱ्यांपैकी एक. निडुब्रोलू गावात त्यांनी शेतकरी कार्यकर्त्यांसाठी शाळा चालवली होती. म्हणजे संघटना कशी बांधतात हे ठाऊक असलेला माणूस. दुसरीकडे मुंबईत १९५६ पासून ए. डी. श्रॉफ यांचं 'फोरम ऑफ फ्री एंटरप्राइझ' हे व्यासपीठ चालू होतं, खासगी उद्योगाची बाजू मांडणारं. शेतकरी आणि उद्योगपती या दोन टोकांना एकत्र बांधायला एक तिसरा माणूस लागणार होता, आणि तो मद्रासला बसला होता.

चक्रवर्ती राजगोपालाचारी. राजाजी. तेव्हा त्यांनी वयाची ८० वर्षं पूर्ण केली होती. गव्हर्नर जनरल होऊन झालं होतं, मद्रासचं मुख्यमंत्रिपद झालं होतं, भारतरत्न मिळालं होतं. शिवाय गांधीजींचे व्याही. त्यांची मुलगी लक्ष्मी आणि देवदास गांधी यांचं लग्न १९३३ मध्ये आपल्या पुण्यातच, पर्णकुटीत लागलं. अशा माणसाने या वयात घरी बसून रामायण-महाभारत सांगावं अशी लोकांची अपेक्षा. ते काम त्यांनी केलंही होतं. पण ४ जून १९५९ रोजी मद्रासला त्यांनी नव्या पक्षाची घोषणा केली. ऑगस्टच्या १ आणि २ तारखेला मुंबईत पूर्वतयारीचं अधिवेशन भरलं. रंगा अध्यक्ष झाले, मसानी सरचिटणीस. कन्हैयालाल मुन्शी आले, संस्थानं विलीन करून घेणाऱ्या सरदार पटेलांचे उजवे हात व्ही. पी. मेनन आले.

आता गंमत बघा. मेनन यांनी ज्या राजांच्या सह्या घेतल्या, त्यांतलेच कितीतरी पुढच्या दोन-तीन वर्षांत याच पक्षात येऊन बसले.

इथे एका शब्दाबद्दल बोलू. अभ्यासक या पक्षाला 'कॉन्झर्व्हेटिव्ह' म्हणतात. हॉवर्ड अर्डमन या अमेरिकी अभ्यासकाने १९६७ साली पक्षावर जे पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच हा शब्द आहे. मराठीत आपण 'पुराणमतवादी' म्हणतो आणि लगेच डोळ्यांपुढे सोवळं-ओवळं येतं. तो अर्थ इथे घेऊ नका. मालमत्तेचा हक्क राहू द्या, राज्ययंत्रणेचा हात आखडता ठेवा, समाजाची घडी कायद्याने एका रात्रीत मोडू नका, अशा अर्थाने तो घ्यायचा. राजाजींना या शब्दाचं वावडं नव्हतं. मसानी मात्र स्वतःला उदारमतवादीच म्हणवून घेत. 'लायसन्स-परमिट राज' हा आज सगळ्यांच्या तोंडी असलेला शब्दप्रयोग राजाजींनी रूढ केला. पक्ष गेला, शब्द राहिला.

मसानी हे या गोष्टीतलं सगळ्यात गुंतागुंतीचं पात्र. जन्म १९०५. वडील सर रुस्तुम मसानी, मुंबई महापालिकेचे आयुक्त. मुलगा झाला समाजवादी! १९३४ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्याबरोबर काँग्रेस समाजवादी पक्ष काढणाऱ्यांत हे होते, आणि त्या पक्षाचा विचार शिजला आपल्या नाशिकच्या तुरुंगात. पुढे सोव्हिएत रशियात काय चाललंय ते बघून त्यांचा त्या वाटेवरचा विश्वास उडाला. १९४३ मध्ये ते मुंबईचे महापौर होते. हिशेबात चोख, वेळेचे पक्के, इंग्रजी धारदार. पक्षाचं मुख्य कार्यालय मुंबईत, आणि ते चालवणारे मसानी. प्रत्येक ठरावाचा मसुदा नीट, प्रत्येक पत्राला उत्तर. कार्यालय म्हणून बघाल तर त्या काळच्या कोणत्याही पक्षाला हेवा वाटावा असं.

पण कार्यालय म्हणजे संघटना नव्हे. संघटना म्हणजे मतदानाच्या आदल्या रात्री यादी घेऊन दारोदार फिरणारा माणूस. तो मुंबईच्या कार्यालयातून पाठवता येत नाही.

तो आणायचा कुठून? पक्षाने सोपा मार्ग धरला. जिथे आधीच कोणाचं तरी घर बांधलेलं होतं, तिथे जाऊन आपली पाटी लावली. बिहारमध्ये रामगढचे राजे कामाख्य नारायण सिंह यांचा स्वतःचा पक्ष होता, तो सबंध आत घेतला. ओरिसात जुन्या संस्थानिकांची गणतंत्र परिषद होती, ती आत घेतली. राजस्थानात जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी आल्या, डुंगरपूरचे महारावल लक्ष्मणसिंह आले. निकाल ताबडतोब दिसला. १९६२ मध्ये लोकसभेच्या १८ जागा. बिहार विधानसभेत ५०, राजस्थानात ३६, गुजरातेत २६. गायत्रीदेवींना जयपुरात पडलेल्या २,४६,५१६ मतांपैकी १,९२,९०९ मतं मिळाली, आणि हा विक्रम गिनीज बुकात गेला. तीन वर्षांच्या पक्षाला आणखी काय हवं?

पण ही मतं कोणाची होती? जयपूरच्या बाईंना मत देणाऱ्या ढाणीतल्या माणसाला सहकारी शेतीच्या ठरावाचं काय पडलं होतं? त्याने आपल्या राणीला मत दिलं. मत घराण्याचं होतं, पक्षाकडे ते फक्त ठेवायला दिलेलं. ठेव कधीही काढून घेता येते. रामगढच्या राजांनी ती काढून घेतली. १९६७ पर्यंत ते दुसऱ्या पक्षात होते, आणि बिहारमधले ५० आमदार त्या निवडणुकीत ३ वर आले. पक्षाचा विचार पाच वर्षांत बदलला नव्हता. बदलले होते फक्त राजेसाहेब.

गुजरातची गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखी. तिथे होते भाईलालभाई पटेल, लोक त्यांना भाईकाका म्हणत. हे मुळात इंजिनियर. वल्लभ विद्यानगर हे गाव उभं करणारा माणूस. या गृहस्थांना जमीन, पाणी, माणसं, जाती सगळ्यांची मोजमापं ठाऊक. चरोतरचे पाटीदार शेतकरी नागपूर ठरावाने बिथरले होते, आणि क्षत्रिय सभा काँग्रेसवर नाराज होती. हे दोन समाज एकमेकांचे पिढीजात विरोधक, एक जमीनमालक तर दुसरा बहुतेक कुळ. भाईकाकांनी त्यांना एकत्र आणलं आणि कोटी केली : पाटीदारांचा 'प' आणि क्षत्रियांचा 'क्ष', मिळून 'पक्ष'. कोटी चांगली होती, बेरीज कच्ची होती. क्षत्रिय सभेचे नरेंद्रसिंह महिडा काही वर्षांत काँग्रेसमध्ये परत गेले. तरीही १९६७ मध्ये स्वतंत्र पक्षाला गुजरातेत १६८ पैकी ६६ जागा मिळाल्या. राजाच्या पुण्याईवर नव्हे, तर शेतकऱ्याच्या खऱ्याखुऱ्या धास्तीवर पक्ष इतका वाढू शकतो हे इथे दिसलं. असे भाईकाका दहा राज्यांत असते तर? इतिहासात 'जर-तर' ला किंमत नसते, पण मनात येतंच.

आणि महाराष्ट्र? ठराव नागपूरचा, कार्यालय मुंबईचं, अर्धे पुढारी मुंबईकर, पैसाही बराचसा मुंबईचा. तरी महाराष्ट्रात या पक्षाने कधी बाळसं धरलं नाही. याची दोन कारणं मला दिसतात. एक म्हणजे १९५९ साली मराठी माणसाच्या डोक्यात संयुक्त महाराष्ट्राखेरीज काही नव्हतं, आणि मुंबईच्या भांडवलदारांकडे तो काय नजरेने बघत होता हे तुम्हाला माहीत आहे. दुसरं कारण अधिक खोल आहे. 'सहकार' म्हटल्यावर आंध्र-गुजरातच्या शेतकऱ्याला बांध मोडलेला दिसत होता. आपल्याकडे 'सहकार' म्हटलं की प्रवरेचा कारखाना दिसत होता. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला. तिथे जमीन ज्याची त्याच्याच नावावर राहत होती, फक्त ऊस एकत्र येत होता. सहकाराने आपल्या शेतकऱ्याचं काही काढून घेतलं नव्हतं, उलट त्याला भागधारक केलं होतं. मग राजाजींच्या इशाऱ्याला तो कशाला घाबरेल? यशवंतराव चव्हाणांनी हे ओळखलं होतं. गावोगावच्या सोसायट्या हीच काँग्रेसची संघटना झाली. स्वतंत्र पक्षाला इथे उभं राहायला जागाच उरली नाही.

पैशाचं थोडं सांगतो, कारण त्याबद्दल गैरसमज फार. टाटांनी राजकीय देणग्या देता याव्यात म्हणून कंपनीच्या घटनेत बदल करायचं ठरवलं, तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. १९५७ मध्ये छगलांनी परवानगी दिली, पण यातला धोकाही बजावून सांगितला. पुढे १९६१ मध्ये जे. आर. डी. टाटांनी नेहरूंना सरळ पत्र लिहून कळवलं की आम्ही काँग्रेसबरोबर स्वतंत्र पक्षालाही मदत करणार. नेहरूंनी उत्तर दिलं, तुम्ही मोकळे आहात, पण त्या पक्षाकडून तुम्ही धरलेली आशा फोल आहे. दोघांचाही सभ्यपणा बघा. पण या पत्रातला एक शब्द निसटू देऊ नका : 'काँग्रेसबरोबर'. शेटजींचा पक्ष म्हणून हिणवला गेलेला हा पक्ष शेटजींची दुसरी पसंती होता. परवाने दिल्लीत मिळत होते, आणि देणारा हात काँग्रेसचा होता. व्यापारी माणूस परवाना देणाऱ्याला कसा दुखवेल? आणि १९६९ मध्ये कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर कायद्यानेच बंदी आली. १९७१ ची निवडणूक त्यानंतर झाली.

आता तुलनेसाठी जनसंघ घेऊ. तोही उजव्या बाजूचा म्हणून ओळखला गेलेला राष्ट्रीय पक्ष, १९५१ मध्ये स्थापन झालेला. पहिल्या निवडणुकीत लोकसभेच्या ३ जागा. १९५३ मध्ये संस्थापक श्यामाप्रसाद मुखर्जी श्रीनगरला स्थानबद्धतेत वारले. मोठं नाव गेलं. असा पक्ष खरं तर तिथेच संपायचा. पण त्याची रचना उलटी होती. संघाचे प्रचारक पक्षात संघटनमंत्री म्हणून आलेले. सरचिटणीस दीनदयाळ उपाध्याय, १९५२ पासून १९६७ पर्यंत तेच. उत्तर प्रदेशात कोण, तर आपल्या हिंगोलीजवळच्या कडोळीचे नानाजी देशमुख. मध्य प्रदेशात धारचे कुशाभाऊ ठाकरे. संसार नाही, निवडणूक लढवायची घाई नाही, झोळी घेऊन जिल्ह्या-जिल्ह्यात मुक्काम. उत्तर प्रदेश विधानसभेतले जनसंघाचे आकडे बघा : १९५२ मध्ये २, मग १७, मग ४९, मग १९६७ मध्ये ९८. याला म्हणतात वीट-वीट रचणं. स्वतंत्र पक्षाच्या आकड्यांत असा जिना कुठेच दिसत नाही.

मी हे कौतुक म्हणून सांगतोय असं समजू नका. या बांधणीची किंमत असते. मुखर्जींनंतर मौलिचंद्र शर्मा जनसंघाचे अध्यक्ष झाले. पक्षाचे निर्णय भलतीकडेच होतात, संघाचा हस्तक्षेप होतो, अशी तक्रार करत त्यांनी १९५४ मध्ये राजीनामा दिला. पक्ष अडखळला नाही. अध्यक्ष गेला तरी चालतं, संघटनमंत्री जागेवर होते.

राजाजी-मसानींना ही किंमत मोजायचीच नव्हती, आणि हा त्यांचा निष्काळजीपणा नव्हता. त्यांचं ते तत्त्व होतं. पक्षाची एकवीस मूलतत्त्वं होती, आणि त्यांत असं स्पष्ट म्हटलं होतं की या तत्त्वांबाहेरच्या प्रत्येक प्रश्नावर सभासदाला स्वतःच्या मताप्रमाणे वागायचं पूर्ण स्वातंत्र्य आहे. नाव 'स्वतंत्र', वागणंही तसंच. मला व्यक्तिशः ही कल्पना फार लोभस वाटते. व्यवहारात काय झालं? राजाजी मद्रासला हिंदीच्या विरोधात उभे राहिले, त्यांच्या पक्षाने १९६७ मध्ये द्रमुकशी समझोता केला आणि तिथे २० जागा मिळवल्या. त्याच वेळी बिहार-राजस्थानातला त्यांचा कार्यकर्ता हिंदीत मतं मागत होता. त्याने लोकांना काय सांगायचं? आमच्यात मतस्वातंत्र्य आहे म्हणून?

१९६७ नंतरचं राजस्थान या सगळ्याचा निकाल सांगतं. १८४ जागांच्या सभागृहात काँग्रेस बहुमताच्या अलीकडेच अडकली. स्वतंत्र ४८, जनसंघ २२, बाकी अपक्ष वगैरे. विरोधकांनी एकत्र येऊन बहुमताचा दावा केला. राज्यपाल संपूर्णानंदांनी बोलावलं काँग्रेसच्या मोहनलाल सुखाडियांना. जयपुरात लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, राष्ट्रपती राजवट लागली. अन्याय झाला असं म्हणायला जागा आहे. पण काही आठवड्यांनी राजवट उठली तेव्हा मधल्या काळात पुरेसे आमदार पलीकडे गेलेले होते, आणि सुखाडियांनी रीतसर सरकार बनवलं. या आमदारांना बांधून ठेवायला पक्षाकडे काय होतं? सत्ता नाही, शिस्त नाही, परत गेल्यावर जाब विचारणारा गावचा कार्यकर्ता नाही. ओरिसात मात्र राजेंद्र नारायण सिंह देव यांचं सरकार १९६७ पासून जवळजवळ चार वर्षं टिकलं, कारण तिथे गणतंत्र परिषदेची आधीपासूनची बांधणी होती.

पक्ष जिंकत होता तो कोर्टात. १९६९ मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्याविरुद्ध पक्षातलेच रुस्तुम कूपर सर्वोच्च न्यायालयात गेले, पालखीवालांनी बाजू मांडली, आणि फेब्रुवारी १९७० मध्ये कायदा रद्द झाला. घटनात्मक कायद्याचे विद्यार्थी आजही तो खटला वाचतात. पण राजकारणात त्याचा अर्थ काय निघाला? इंदिराबाई गावोगाव सांगत फिरल्या की मी गरिबांसाठी बँका घेतल्या आणि हे लोक कोर्टात गेले. त्या गावांत उलट उत्तर द्यायला पक्षाचा कोणी नव्हता.

मग १९७१. संघटना काँग्रेस, जनसंघ, स्वतंत्र आणि संयुक्त समाजवादी यांची आघाडी. मतांचं प्रमाण १९६७ मध्ये ८.६७ टक्के होतं ते ३.०७ वर आलं. आघाडीमुळे जागाही कमीच लढवल्या होत्या, हे खरं. पण मसानी राजकोटला पडले आणि त्यांनी पक्षाचं नेतृत्व सोडलं. त्याच वर्षाअखेर संस्थानिकांचे तनखे बंद झाले. राजाजी २५ डिसेंबर १९७२ ला गेले. शेतकरी संघटना जाणणारे रंगा काँग्रेसमध्ये परतले. उरले पिलू मोदी, गोध्र्याचे खासदार. अफाट देह, अफाट विनोद. परकीय हेरसंस्थेचा बागुलबुवा दाखवला जात असताना 'मी सीआयएचा हस्तक आहे' अशी पाटी गळ्यात अडकवून संसदेत गेलेला माणूस. १९७४ मध्ये त्यांनी पक्ष भारतीय लोकदलात विलीन केला. लोकदलाचे नेते कोण? चौधरी चरणसिंग. नागपूरच्या मांडवात त्या ठरावाला विरोध करणारे. चरणसिंग तेव्हा लगेच काँग्रेस सोडून बाहेर पडले नव्हते. त्यांनी आधी पश्चिम उत्तर प्रदेशात स्वतःची माणसं उभी केली आणि १९६७ मध्ये बाहेर पडले.

विलीनीकरण सगळ्यांना मान्य नव्हतं. मुंबईतल्या काही मंडळींनी महाराष्ट्र शाखा म्हणून पक्षाचं नाव चालू ठेवलं. शरद जोशींनी १९९४ मध्ये 'स्वतंत्र भारत पक्ष' काढला, त्यात हा वारसा होता. राजाजींकडे जो नव्हता तो शेतकरी जोशींकडे होता, हजारोंनी. पण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

मुंबईच्या त्या मंडळींपुढे एक चमत्कारिक अडचण आली. १९८९ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्यात तरतूद आहे की निवडणूक आयोगाकडे नोंदणी हवी असेल तर पक्षाने आपल्या घटनेत समाजवादाच्या तत्त्वावर निष्ठा असल्याचं लिहून द्यावं. समाजवादाला विरोध म्हणून जन्मलेला पक्ष हे लिहून देणार कसं? ते १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेले. याचिका दाखल झाली, आणि वर्षानुवर्षं पडून राहिली.

इथे थांबतो. ओरिसाबद्दल मी घाईत बोललो आहे, त्यावर आणि गुजरातवर प्रश्न असतील तर आधी ते घेऊ.